'ब्रीच' म्हणजे पायाळूच का?

प्रश्न : सुनेला तिसावा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ब्रीच' लिहिलंय. घरचे म्हणतात, बाळ पायाळू होणार. सिझर करावंच लागेल का?
– एक वाचक, वालूर (ता. सेलू)

उत्तर : ब्रीच म्हणजे बाळाचं डोकं वर आणि कुल्ले किंवा पाय खाली. पायाळू आपण पायांकडून जन्मलेल्या माणसाला म्हणतो. रिपोर्टवरचा ब्रीच फक्त त्या दिवसापुरता असतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण पाचातलं एक बाळ असंच असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात. म्हणून ३६व्या आठवड्यात पुन्हा तपासा. तेव्हाही तसंच असेल तर कधी डॉक्टर पोटावरून बाळ फिरवतात, नाहीतर बहुतेक वेळा सिझर ठरतं.

पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं, त्याच्यावर वीज पडते, या समजुतींना काहीच आधार नाही. सुनेच्या मनात ती भीती कृपा करून घालू नका.

घरी पोट चोळून बाळ फिरवणं मात्र खरंच धोक्याचं. वार सुटू शकते. अंगावरून पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका. ब्रीचमध्ये नाळ आधी खाली सरकू शकते. लगेच १०८ला फोन करा, आणि सिझरची सोय असलेला दवाखाना आत्ताच ठरवून ठेवा.