बाटलींत वाढणारी केळ

आंबा कोयीपासून उगवतो व बोर आठळीपासून. परंतु बाजारांतील केळें कापून पाहा, त्यांत पेरण्याजोगें बीं सांपडावयाचें नाहीं. मधोमध दिसणारे काळे ठिपके हे वाढ खुंटलेल्या बीजांडांचे अवशेष होत. मग केळीचा वंश चालतो कसा?

जुन्या केळीच्या कंदाला बाजूस कोंब फुटतात. त्यांस मुनवे म्हणतात. मुनवा काढून दुसरीकडे लावला कीं नवी केळ उभी राहते. ती मूळ केळीची कन्या नव्हे. मूळ केळच दुसऱ्या जागीं वाढली, असें म्हणणें अधिक योग्य. अशाच रीतीनें केळ समुद्रापार गेली. मॉरिशसहून इंग्लंडांत आलेली एक केळ चॅट्सवर्थ येथील जोसेफ पॅक्स्टन ह्या उद्यानपालानें १८३५ सालीं फुलविली. त्याच्या धन्याच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश हें नांव पडलें. पुढें १८३८ सालीं जॉन विल्यम्स हे मिशनरी दक्षिण समुद्राकडे निघाले, तेव्हां त्यांनीं ह्याच केळीचीं रोपें बरोबर नेलीं व ती सामोआ बेटांत रुजली. जळगांवकडे लावतात ती ग्रँड नैन जात ह्याच गटांतली.

परंतु मुनव्याबरोबर मातेचे रोगहि येतात. सूत्रकृमि, सोंडकिडा, पर्णगुच्छ रोगाचें विष, सारें नव्या शेतांत पोंचतें. शिवाय एका केळीस मुनवे फुटणार ते किती? ह्या दोन्ही अडचणींवर ऊतिसंवर्धन हा उपाय निघाला.

सजीवाच्या सारख्या पेशींच्या समूहास ऊति म्हणतात. वनस्पतीच्या एका पेशींतहि पूर्ण झाड होण्याची शक्ति असावी, असा विचार हाबरलांट ह्या शास्त्रज्ञानें १९०२ सालीं मांडला; परंतु त्याच्या पेशी विभागल्या नाहींत. १९५८ सालीं स्टुअर्ड ह्यांनीं गाजराच्या पेशींपासून रोपें वाढविलीं. तत्पूर्वीं, १९५७ सालीं, स्कूग व मिलर ह्यांनीं दाखविलें होतें कीं, ऑक्झिन व सायटोकायनिन ह्या द्रव्यांचें प्रमाण बदललें असतां त्याच ऊतीला कधीं मुळें, तर कधीं कोंब फुटतात.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. निरोगी, तपासलेल्या केळीचा मुनवा घेऊन त्याचीं बाहेरचीं आवरणें सोलतात व आंतील टोंक औषधाच्या पाण्यानें निर्जंतुक करितात. समुद्रशेवाळापासून काढलेल्या अगरमध्यें क्षार, साखर व जीवनसत्त्वें मिसळून, तें १२१ अंश उष्णतेच्या दाबयुक्त वाफेंत शुद्ध करितात. त्यावर तें टोंक ठेवून बाटली बंद करितात. सायटोकायनिनच्या योगानें एकाचे अनेक कोंब होतात. ते वेगळे करून तीनचार आठवड्यांनीं नव्या बाटल्यांत घालतात. पुरेसे कोंब झाले कीं त्यांना मुळें फोडतात. बाटलींतील हवा दमट असल्यामुळें रोप कोमल असतें. तें एकदम उन्हांत नेल्यास करपतें. म्हणून आधीं हरितगृहांत, मग जाळीच्या सावलींत ठेवून त्याला हळूहळू कणखर करावें लागतें.

ह्या रीतीनें हजारों रोपें मिळतात, सारीं जवळजवळ एकसारखीं. हाच गुण, आणि हेंच संकटहि! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत परदेशीं जाणारें मुख्य केळें ग्रो मिशेल हें होतें. जमिनींतील एका बुरशीमुळें होणाऱ्या मर रोगानें त्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या व १९६० च्या सुमारास त्याची जागा कॅव्हेंडिशनें घेतली. त्याच बुरशीचा नवा प्रकार आतां कॅव्हेंडिशलाहि मारतो. २०१९ सालीं तो दक्षिण अमेरिकेंत कोलंबियापर्यंत पोंचला, आणि हिंदुस्थानांतहि तो आढळला आहे. सर्वांची घडण एक, म्हणून जो रोग एकीला मारतो तो सर्वांना मारूं शकतो.

येथें एक मोठा गैरसमज टाळला पाहिजे. प्रयोगशाळेंतील रोप रोगमुक्त असतें, रोगप्रतिकारक नव्हे. दूषित जमिनींत लावल्यास तेंहि मरतें.

तथापि एक आशेची गोष्ट आहे. बाटलींत वारंवार वाढवितांना क्वचित् एखाद्या रोपांत अकल्पित बदल होतो. उत्पादक अशीं रोपें काढून टाकतात. तैवानांतील संशोधकांनीं मात्र अशींच हजारों रोपें दूषित जमिनींत लावून पाहिलीं आणि जीं तग धरून राहिलीं त्यांतून मर रोगाला बरेंचसें दाद न देणारी फॉर्मोसाना ही जात निवडली. जें वेगळेपण व्यापाऱ्याला नको होतें, त्यानेंच शेतकऱ्याची बाग तारली.

म्हणून पालकांनीं रोपें घेतांना तीं तपासलेल्या मातृवृक्षाचीं आहेत कीं नाहींत, हें अवश्य विचारावें. आणि मर लागलेल्या बागेंतील माती अवजारांबरोबर, जोड्यांबरोबर किंवा पाण्याबरोबर आपल्या शेतांत येऊं देऊं नये. स्वच्छ बाटलींत मिळविलेलें आरोग्य शेतांतहि तितक्याच दक्षतेनें सांभाळलें पाहिजे.