तोंड वाकडं झालं तर: आधी दवाखाना, मग आरसा

सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं. एक डोळा मिटत नाही, हसलं की तोंड एकीकडे ओढलं जातं. घरचे म्हणतात, ‘वारं लागलं’, ‘बाहेरचं झालं’. मग दोरे-अंगाऱ्यात आठवडा जातो. असे आठवडे वाया गेलेले आम्ही वस्तीत पाहिले आहेत. तोंडाला पदर लावून कामावर जाणं सोडलेल्या बायाही पाहिल्या आहेत.

हे कुणी केलेलं नसतं. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून चेहऱ्याची नस जाते. ती सुजली की दबते आणि त्या बाजूचे स्नायू लुळे पडतात. याला बेल्स पाल्सी म्हणतात. गरोदर बाईला व साखरेच्या रुग्णाला याचा धोका जास्त.

पण तोंड पक्षाघातानेही वाकडं होतं. तेव्हा बहुधा कपाळाला आठ्या पडतात, डोळा मिटतो. पण हात-पाय लुळा पडतो, जीभ जड होते, बोलणं अडखळतं. बेल्समध्ये कपाळही हलत नाही. घरी निदान करत बसू नका. तोंड अचानक वाकडं झालं की लगेच सरकारी रुग्णालय गाठा. हात-पाय किंवा बोलण्यात फरक असेल तर १०८ ला फोन करा. रुग्णाला पाणीसुद्धा पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. बेल्स पाल्सीची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाली तर गुण चांगला येतो. ती डॉक्टरांनीच द्यायची.

डोळा जपा. डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला, बाहेर चष्मा लावा, रात्री पापणी मिटवून चिकटपट्टी लावा. उघडा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते.

थोडी हालचाल दिसू लागली की आरशासमोर दिवसातून दोन-तीनदा व्यायाम करा. प्रत्येक प्रकार पाच वेळा:

१. भुवया वर उचला.
२. नाक आक्रसा.
३. डोळे हळूच मिटा.
४. ओठ मिटून हसा, मग दात दाखवा.
५. शिट्टीसारखा ओठांचा चंबू करा.
६. ‘प, ब, म’ सावकाश म्हणा.

दुबळ्या बाजूला बोटाने हलका आधार द्या. चांगली बाजू जास्त ओढत असेल तर तिला तळहाताने थोपवा. जोर लावू नका, फुगे फुगवू नका. जबरदस्तीने चुकीचे स्नायू एकत्र ओढले जातात आणि हसताना डोळा मिटायची सवय लागते.

जेवल्यावर चूळ भरा, गालात अन्न साचतं. पक्षाघातानंतरचे जिभेचे व गिळण्याचे व्यायाम मात्र वाचा-उपचारतज्ज्ञांकडूनच शिका.

बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारतो. तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पुन्हा दवाखान्यात जा. आणि शेजारीण तोंड झाकून बसली असेल, तर तिला हसू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.