एक तार, दोन टेलिफोन

मुलांनो, आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाइल आहे. तरीही काही घरांत, दवाखान्यांत आणि शाळांच्या कार्यालयांत तारेचा टेलिफोन अजून वाजतो. घरात तो बहुधा बैठकीच्या खोलीत असतो. दादीजान मात्र आतल्या खोलीत असतात. घंटी ऐकून त्या काठी शोधतात, उठतात, भिंत धरून चालू लागतात. तोवर घंटी थांबते. रात्री त्यांची तब्येत बिघडली, तर त्या मदत कशी मागणार? त्यांच्या पलंगाजवळ दुसरा जॅक बसवता येतो. जॅक म्हणजे टेलिफोनची पिन जिच्यात बसते ती छोटी डबी.

तांब्याची टेलिफोन लाइन फक्त दोन तारांची असते. या तारा भिंतीवरच्या डबीत दोन स्क्रूंना जोडलेल्या असतात. त्याच दोन स्क्रूंना नव्या दोन तारा जोडायच्या आणि त्यांची दुसरी टोके नव्या जॅकला जोडायची. यालाच समांतर जोडणी म्हणतात. घरातले दिवेही असेच जोडलेले असतात. उघड्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नयेत. चिकटल्या, तर एक्सचेंजला वाटते की कोणी रिसीव्हर उचलला आहे. मग घरातला एकही टेलिफोन वाजत नाही!

या तारांत वीज असते काय? होय. एक्सचेंजमधून सुमारे ४८ व्होल्ट येतात. घंटी वाजताना ते ७५ ते ९० व्होल्टपर्यंत जातात. तेव्हा उघड्या तारेला हात लागला, तर झटका बसतो. म्हणून काम चालू असताना पहिल्या टेलिफोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवतात. विजा चमकत असताना हे काम मुळीच करू नये. नवी तार घरच्या विजेच्या तारेपासून दूर न्यावी. आणि हे काम जाणत्या माणसाने करावे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा.

एक्सचेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात. त्यामुळे मोहल्ल्यातले दिवे गेले, तरी साधा तारेचा टेलिफोन चालतो. आता पुष्कळ ठिकाणी तांब्याऐवजी फायबर, म्हणजे काचेचा तंतू, घरात येतो. तेथे टेलिफोन एका पेटीला जोडतात आणि ती पेटी घरच्या विजेवर चालते. तिला बॅटरी नसेल, तर वीज जाताच टेलिफोन मुका होतो. दादीजानसाठी जॅक बसवण्यापूर्वी हे जरूर पाहून घ्यावे.

दोन्ही टेलिफोन एकाच वेळी वाजतात. एकावर बोलणे चालू असताना दुसरा उचलला, तर सगळे ऐकू येते. अशा वेळी काय करावे, हे तुम्हांला सांगायला नको.

जोडणी झाल्यावर नवा रिसीव्हर कानाला लावावा. एकसारखा आवाज ऐकू आला, की तो खाली ठेवावा आणि मोबाइलवरून घरचा नंबर लावावा. आता बैठकीत घंटी वाजेल आणि दादीजानच्या पलंगाजवळही वाजेल.

स्वाध्याय
१. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर काय होते?
२. काम करताना रिसीव्हर काढून बाजूला का ठेवतात?
३. वाक्यात उपयोग करा : भिंत धरून चालणे, मुका होणे.