“जरा चालू करून बघू”

हर्णैच्या लिलावात माझा फोन पाण्यात पडला, हे खरं. पण तो माझ्या धांदरटपणामुळे गेला असं जे घरात गेले दोन महिने बोललं जातंय, ते मला मान्य नाही.

संध्याकाळ होती, लिलाव ऐन भरात. पापलेटच्या वाट्याभोवती माणसांचं कडं पडलेलं. मागून बैलगाडी आली म्हणून मी बाजूला सरले आणि हातातला फोन निसटून गुडघाभर पाण्यात गेला. लगेच उचलला. पडदा चालू होता. मी पहिलं काम केलं ते फोन बंद करण्याचं. हे मुद्दाम लिहितेय: मी तो बंद केला होता, पदराने पुसला होता आणि पर्समध्ये टाकला होता.

मुक्कामावर आल्यावर भावजींनी हात पुढे केला. “वहिनी, द्या इकडे. जरा चालू करून बघू.” मी म्हटलं, नको, उद्या दापोलीत दाखवू कुणाला तरी. “अहो, आमच्या ऑफिसात तिघांचे फोन असेच वाचलेत,” म्हणत त्यांनी बटण दाबलंसुद्धा. कंपनीचं नाव उमटलं. पडदा उजळला. “बघा!” म्हणून ते सगळ्यांकडे बघून हसले, आणि तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातून एक हिरवी रेघ निघाली ती थरथरत पार खालपर्यंत गेली. मग अंधार. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी तो चार्जरला लावला. ते जमेना तेव्हा घरमालकीणबाईंकडून तांदळाचा डबा मागून आणला आणि फोन त्यात पुरून टाकला. तीन दिवस.

दिराला चारचौघांत किती अडवणार, हे ज्या बायकांना कळायचं त्यांना कळेल.

पुण्यात आल्यावर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलाने सिमकार्डचा ट्रे बाहेर काढला, खाचेत टॉर्च मारला आणि म्हणाला, “मॅडम, लाल.” आत एक बारीक पांढरी चिकटपट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. ती लाल म्हणजे वॉरंटी संपली. मी म्हटलं, विकताना तर पाण्याला भीत नाही म्हणून सांगितलं होतं. त्याने उत्तर दिलं नाही, एक फॉर्म पुढे सरकवला: बोर्ड बदलावा लागेल, साडेचौदा हजार, आतली माहिती जाईल, इथे सही करा. “पण मला फोन नको, आतलं हवंय,” हे मी तीनदा सांगितलं. तोवर त्याने पुढचा टोकन नंबर पुकारला होता.

आयपी 67 म्हणून जे सांगतात त्याचा अर्थ मला नंतर कळला. प्रयोगशाळेत, स्वच्छ गोड्या पाण्यात, एक मीटर खोल, 30 मिनिटं. समुद्राचं पाणी त्यात बसत नाही, साबणाचं नाही, चहाचंही नाही. शिवाय फोन एकदा आपटला किंवा उघडून दुरुस्त केला की आतली गोंदाची पट्टी पहिल्यासारखी राहत नाही. माझा गेल्या वर्षीच पडला होता.

शेवटी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ एक कारागीर भेटला. त्याने फोन उलटा धरून चार्जिंगच्या भोकातून चिमट्याने पांढरा लगदा काढला आणि विचारलं, “तांदूळ?” मी मान डोलावली. मग फोन उघडून बोर्ड मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला बघायला बोलावलं. चार्जिंगच्या जागेभोवती निळसर हिरवी पुटं चढली होती, देवाच्या तांब्यावर कळंक चढतो तशी. त्या पुटांतून तांब्याची एक केसासारखी रेघ येत होती, मधेच संपत होती आणि जरा पुढे पुन्हा सुरू होत होती. मधला तुकडा नव्हताच. विरघळून गेला होता.

“ताई, पडल्यावर चालू कुणी केला?” त्याने विचारलं. मला एकदम हर्णैची ती हिरवी रेघ आठवली. आम्ही सगळे बघत होतो ना, तेव्हाच आत हे चाललं होतं.

त्याने समजावलं ते असं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. बोर्डावर असं पाणी असताना बॅटरीचा प्रवाह सोडला की धातू झिजायला मिनिटंही पुरतात. आणि पाणी सुकलं तरी मीठ तिथेच राहतं, हवेतला दमटपणा ओढतं, पुन्हा ओलं होतं. तांदूळ यात काहीच करत नाही. उघड्या हवेत ठेवला तर जेवढा वाळेल तेवढाच तांदळात वाळतो, वर पीठ आत जातं. एका मोठ्या फोन कंपनीने तर तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहून ठेवलंय.

म्हणून सांगते. फोन पाण्यात पडला की बंद करा. आधीच बंद पडला असेल तर बटणाला हात लावू नका, कोणी कितीही मोठा माणूस म्हणाला तरी. सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. मला हे सुचलं नाही, ओटीपी येईना आणि मुक्कामाचे पैसे जावेकडून घ्यावे लागले. पाणी खारं असेल तर बंद फोन साध्या पिण्याच्या पाण्याने विसळायचा असतो. हे ऐकून मीही दचकले होते, पण मीठ सुकण्याआधी निघणं महत्त्वाचं. मग चार्जिंगचं भोक खाली करून तळहातावर हलकेच ठोका. हेअर ड्रायर नको, फुंकर नको, फोन झटकू नका, पाणी आणखी आत जातं. पंख्यासमोर ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणाऱ्याकडे न्या. मायक्रोस्कोप आहे का, हे आधी विचारा. तो नसेल तिथे देऊ नका. आणि बॅकअप ठेवा, हे काय सगळेच सांगतात.

मी ठेवला नव्हता. गुगलची फुकटची 15 जीबी जागा भरली होती आणि मी ती सूचना रोज बाजूला सारत होते. फोनमध्ये सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, दोन वर्षांत सवडीने ध्वनिमुद्रित केलेल्या, 41. आता त्यांना पहिल्या ओळीपुढे आठवत नाही. कारागिराला म्हटलं, मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावता येत नाही का? तो म्हणाला, आतली माहिती कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच बोर्डाच्या प्रोसेसरपाशी, म्हणून हाच बोर्ड जिवंत व्हायला हवा. त्याने चार दिवस खटपट केली. तुटलेल्या रेघा तारेने जोडल्या. एकदा कंपनीचं नाव उमटलं, पुढे काही नाही. त्याने फक्त पाचशे रुपये घेतले.

भाचीला मी मधूनमधून पाठवलेल्या नऊ ओव्या तिच्याकडे निघाल्या. परवा भावजींचा निरोप आला, आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला लावायला तिच्या ओव्या हव्यात, सगळ्या पाठवा. मी नऊ पाठवल्या. “बाकीच्या?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा कारागिराने दिलेला बोर्डाचा फोटो पाठवला आणि खाली तारीख, वेळ आणि हर्णै एवढंच लिहिलं.