मृणाल, मॉक टेस्ट थोड्या थांबव




रोज आयईएलटीएसची एक मॉक टेस्ट सोडवतेस, तरी लिसनिंग आणि रीडिंगचा बँड सहाच्या पुढे सरकत नाही, असं तू कळवलंस. आता क्लास बदलावा की व्याकरणाचं जाड पुस्तक पहिल्या पानापासून हाती घ्यावं, हेही विचारलंस. माझ्या मते दोन्हींची गरज नाही. तुझ्या कष्टांत कसूर नाही, पण ते सगळे मोजण्यात खर्च होत आहेत. मॉक टेस्ट हे थर्मामीटर आहे. ते दिवसातून चारदा लावलं म्हणून ताप उतरत नाही, हे नर्सला मी वेगळं सांगायला नको. म्हणून तेवढ्याच वेळात काय करावं, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी तुला नेमकं किती अंतर कापायचं आहे ते पाहू. आयईएलटीएसच्या लिसनिंगला चाळीस प्रश्न असतात, ध्वनिमुद्रण साधारण तीस मिनिटांचं असतं आणि ते एकदाच ऐकवतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच जाहीर केलेल्या सरासरी आकड्यांप्रमाणे चाळीसपैकी तेवीसच्या आसपास उत्तरं बरोबर आली की सहा बँड मिळतो आणि तिसाच्या आसपास आली की सात. अ‍ॅकॅडेमिक रीडिंगचंही गणित जवळपास हेच आहे. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत सात आणि लेखनात साडेसहा मागते. म्हणजे तुझ्यात आणि सातात एकेका पेपरात सात प्रश्नांचं अंतर आहे. इंग्रजी येत नाही म्हणून अडणाऱ्याचं हे अंतर नव्हे. हे सात प्रश्न दर वेळी साधारण एकाच तऱ्हेच्या जागी जातात, आणि त्या जागा शोधल्याशिवाय पन्नासावी टेस्टही पाचवीसारखीच जाणार.

त्या जागा कुठे असतात, याचं एक उदाहरण बारकाईने पाहा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो: ‘मी उद्या येऊ शकत नाही.’ आपला कान जन्मापासून वाक्याच्या शेवटाकडे लागलेला असतो. इंग्रजीत नकार कर्त्यापाठोपाठ येतो आणि क्षणात निघून जातो. ‘आय कॅन्ट कम टुमॉरो’ हे कागदावर स्वच्छ दिसतं, पण भरभर बोलताना शेवटचा ट बहुधा ऐकूच येत नाही. मग इंग्रजी बोलणारे लोक होकार-नकार ओळखतात कसा? स्वरावरून. होकारातला ‘कॅन’ ते तोंडातल्या तोंडात गिळतात, त्याचा नुसता ‘क्न्’ उरतो: ‘आय क्न् कम’. नकारातला स्वर मात्र पूर्ण आणि ठसठशीत असतो. आपण शाळेत ‘कॅन’ हा शब्द नेहमी ठसठशीतच म्हणायला शिकलो, त्यामुळे अमेरिकन किंवा कॅनेडियन माणसाचा नकार आपल्या कानाला चक्क होकार वाटतो. ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘फॉर’, ‘वॉज’, ‘देम’ या सगळ्यांचं हेच आहे. इंग्रजी बोलणारा महत्त्वाच्या शब्दावर जोर देतो आणि जोडणारे शब्द चेपून टाकतो. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचं वजन देतो, म्हणून चेपलेले शब्द आपल्या कानातून गळतात. मग तू म्हणतेस, ‘ते फार फास्ट बोलतात.’ वेगाचा दोष थोडा आहे, या गळतीचा फार मोठा.

यावर मला ठाऊक असलेला खात्रीचा उपाय जुना आहे, तो म्हणजे श्रुतलेखन. सोडवून झालेल्या टेस्टमधला एक-दीड मिनिटाचा तुकडा घे. वाक्यावाक्याला थांबवून, ऐकू येईल ते शब्दन्‌शब्द लिही. तीनचारदा ऐक, पण छापील मजकूर उघडू नकोस. मग मजकुराशी ताडून जे शब्द सुटले, जे चुकीचे ऐकले त्यांवर लाल खूण कर. बहुतेक खुणा अवघड शब्दांखाली पडलेल्या दिसणार नाहीत. त्या ‘अ’, ‘द’, ‘हॅज’, ‘बीन’ आणि अनेकवचनाचा स यांच्याखाली असतील. शेवटी तोच तुकडा मजकूर समोर ठेवून, बोलणाऱ्याच्याच लयीत मोठ्याने म्हण. दीड मिनिटाच्या आवाजाला अर्धा-पाऊण तास लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण कान यानेच तयार होतो.

लाल खुणा अशा जागी पडतात याचा अर्थ नीट पाहा, कारण मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. व्याकरण, ऐकणं आणि वाचणं हे तीन विषय नाहीत. क्लासच्या वेळापत्रकात ते सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वाटलेले असतात, पण वाक्य कानावर पडतं तेव्हा तिन्ही एकदम लागतात. वॉर्डातलंच उदाहरण घे. ‘शीज गिव्हन’ म्हणजे तिने दिलं, ‘शीज बीन गिव्हन’ म्हणजे तिला दिलं गेलं. मधला ‘बीन’ चेपला जाऊन ‘बिन’ एवढाच उरतो. तो सुटला तर औषध देणारी आणि घेणारी यांची अदलाबदल होते. ही कानाची चूक की व्याकरणाची? हा भेद कानात बसलेला नसेल तर कर्मणी प्रयोगाचं कोष्टक तोंडपाठ असून उपयोग नाही, आणि कोष्टक मुळीच माहीत नसेल तर तो बारीक आवाज ऐकू आला तरी त्याचा अर्थ लागणार नाही. आयईएलटीएसमध्ये व्याकरणाचा वेगळा पेपरच नसतो. लेखन आणि बोलणं यांच्या गुणांत त्याचा चौथा हिस्सा असतो, ऐकण्या-वाचण्यात मात्र ते प्रत्येक प्रश्नाच्या पोटात असतं. रिकाम्या जागेच्या आधी ‘अ’ असेल तर पुढे एकवचनी नाम येणार, हे ऐकण्याआधीच कळतं. शेवटचा स राहिला तर उत्तर चूक. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तिसरा लिहिला तरी चूक.

म्हणून व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून नको. रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ तुझ्याकडे असेलच. चांगलं पुस्तक आहे, पण अनुक्रमणिकेतून वापर. लाल खुणा जिथे साचतात तेवढेच धडे उघड. मराठीभाषकांच्या काही खुणा तर आधीच सांगता येतात. आपण सहज म्हणतो, ‘मी दहा वाजता इंजेक्शन दिलं आहे’, आणि तेच जसंच्या तसं इंग्रजीत नेतो: ‘आय हॅव गिव्हन द इंजेक्शन ॲट टेन.’ इंग्रजीत झालेली वेळ सांगितली की ‘हॅव’ चालत नाही, तिथे ‘आय गेव्ह’ हवं. दुसरी खूण ‘अ’ आणि ‘द’ यांची. मराठीत ही सोयच नसल्यामुळे आपल्याला ते शोभेचे वाटतात. पण ‘फ्यू नर्सेस नोटिस्ड इट’ म्हणजे जवळजवळ कुणाच्याच लक्षात आलं नाही आणि ‘अ फ्यू नर्सेस नोटिस्ड इट’ म्हणजे काहीजणींच्या आलं. एका अक्षराने अर्थ उलटा झाला. आपल्याकडे कित्येकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवरून इंग्रजी गिरवलं. मराठी वाक्याशेजारी इंग्रजी ठेवून फरक दाखवण्याची ती पद्धत आज मागासलेली समजतात. मला ती चूक-दुरुस्तीसाठी अजूनही उत्तम वाटते. आपली चूक कुठून येते हे मराठीच दाखवते.

आता रीडिंग. तुझी तक्रार आहे की वेळ पुरत नाही, म्हणून तू भरभर नजर फिरवण्याच्या युक्त्या शिकते आहेस. जरा हिशेब कर. अ‍ॅकॅडेमिकच्या तीन उताऱ्यांत मिळून जास्तीत जास्त २७५० शब्द असतात. मिनिटाला दीडशे, म्हणजे अगदी संथपणे, वाचलंस तरी तिन्ही उतारे अठरा-एकोणीस मिनिटांत संपतात. चाळीस प्रश्नांना चाळीस मिनिटं उरतात. तरी वेळ कुठे जातो? तेच वाक्य चौथ्यांदा वाचण्यात. वाक्याचा कर्ता कुठला, ‘विच’ कशाला लागू, ‘हार्डली’ आणि ‘अनलेस’मध्ये नकार लपला आहे का, हे पहिल्या वाचनात उलगडलं नाही की नजर मागे फिरते. नजरेचा वेग वाढवून हे सुटत नाही, उलट वाढतं. ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रश्नांत तर बारीक शब्दांचीच परीक्षा असते. समज, उताऱ्यात लिहिलं आहे की १९९० नंतर एका शहरातली बहुतेक लहान रुग्णालयं बंद झाली. प्रश्नातलं विधान म्हणतं, सगळी बंद झाली. हे फॉल्स. दुसरं विधान म्हणतं, खर्च वाढल्यामुळे बंद झाली. उताऱ्यात कारणाचा उल्लेखच नसेल तर हे नॉट गिव्हन. पण खर्चामुळे रुग्णालयं बंद पडतात हे तुला अनुभवाने ठाऊक असतं, म्हणून हात ट्रूकडे जातो. अशा प्रश्नात आपलं ज्ञान बाजूला ठेवून फक्त समोरचं वाक्य वाचावं लागतं. रुग्णाचा केसपेपर वाचताना तू हेच करतेस.

शब्दांबद्दलही अंदाज असू दे. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ मध्ये हिशेब मांडला की कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजी मजकूर वाचायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांची रूपं, लागतात. एवढी याद्या घोकून येत नाहीत. याद्यांपैकी एकच कर. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्टमध्ये ५७० शब्दकुळं आहेत आणि विद्यापीठीय मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा तेवढ्यातच येतो. बाकीचे शब्द वाचनातूनच येतील. याला भक्कम पुरावा आहे. १९८० च्या सुमारास फिजीतल्या ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी चौथी-पाचवीच्या काही वर्गांना इंग्रजी गोष्टींची सुमारे अडीचशे पुस्तकं दिली आणि बाकी वर्ग नेहमीच्या धड्यांवरच ठेवले. पुस्तकं वाचणारी मुलं वाचनात तर पुढे गेलीच, ऐकून समजण्यातही गेली, आणि दुसऱ्या वर्षी हा फायदा व्याकरणात आणि लेखनातही दिसला. ती मुलं परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडवत बसली नव्हती, गोष्टी वाचत होती. तू रोज अर्धा तास तुला आवडेल ते वाच. आरोग्यावरचे लेख, नर्सेसच्या आठवणी, कादंबरी, काहीही. फक्त पानात दोन-चारपेक्षा जास्त शब्द अडू नयेत एवढं सोपं निवड.

यावर तू म्हणशील, ‘मामा, एवढा वेळ कुणाकडे आहे? परीक्षा तीन महिन्यांत द्यायची आहे.’ आक्षेप रास्त आहे, पण हिशेब तुझ्याच बाजूचा आहे. दोन पेपरांची मॉक टेस्ट म्हणजे दीड तास. तो रोज जातोच आहे. त्याच दीड तासात श्रुतलेखन, चुकांचा एखादा धडा आणि अर्धा तास वाचन बसतं. दुसरा आक्षेप क्लासमधून येईल: सरावानेच परीक्षा जमते, प्रश्नांचे प्रकार माहीत हवेत. खरं आहे, पण ते प्रकार आठ-दहा टेस्टमध्ये कळतात, पुढे तीच माहिती पुन्हा मिळते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वतःची परीक्षा घेतल्याने शिकलेलं पक्कं होतं, हे मानसशास्त्रानेच दाखवलं आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. पण तिथे विद्यार्थी शिकलेलीच गोष्ट आठवत होते. तू रोज नवी टेस्ट सोडवतेस, कालच्या चुका मागे टाकून. त्या प्रयोगाप्रमाणे वागायचं तर गेल्या आठवड्यातल्या लाल खुणांची वही मिटून, तीच वाक्यं पुन्हा ऐकून पुन्हा लिहायला हवीत. तशी परीक्षा जरूर घे. सिनेमे पाहून कान तयार होतो असंही कुणी सांगेल. खाली इंग्रजी ओळी चालू असतील तर डोळा वाचतो आणि कान स्वस्थ बसतो. पाहायचाच तर पाच मिनिटांचा प्रसंग आधी ओळींशिवाय पाहा आणि मग ओळी लावून ताडून घे.

यात मी एवढं मन घालतो त्याचं कारण बँडपुरतं नाही. ब्रिटनमध्ये पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला रुग्णाची माहिती तोंडी देते, डॉक्टर फोनवर मात्रा सांगतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक शेवटच्या ‘न’इतकाच, जोर कुठे पडतो यावरूनही ओळखावा लागतो. पंधरा मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम यांतला फरक तुला मी काय सांगावा? शंका आली तर आकडे सुटे करून ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो’ असं विचारायची सवय आतापासून लाव. परीक्षेत ध्वनिमुद्रणाला परत विचारता येत नाही. वॉर्डात विचारता येतं आणि विचारलंच पाहिजे.

आता एवढं कर. सहा आठवडे मॉक टेस्ट बंद, फक्त दर रविवारी एक. बाकीचे दिवस वर सांगितल्याप्रमाणे. वहीत लाल खुणा तारखेनिशी राहू देत. रविवारचे आकडे सलग तीनदा तिसाच्या वर गेले की परीक्षेची तारीख घे, त्याआधी फी भरू नकोस. निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून घाईने मिळवलेला अपुरा बँड तुझ्या काही कामाचा नाही. पहिल्या आठवड्याच्या वहीचे फोटो मला पाठव. खुणा कुठे साचल्यात ते पाहून पुढचे धडे दोघं मिळून ठरवू.

तुझा,
मामा