मुलाखत पडद्यावर, कसोटी आवाजाची

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये काही प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोकरीच्या उमेदवाराचं ध्वनिमुद्रित मनोगत वेगवेगळ्या लोकांना ऐकवलं. शब्द तेच, बोलणाराही तोच. काहींना आवाज स्वच्छ ऐकवला, तर काहींना साध्या मायक्रोफोनमधून येतो तसा चिरका, पत्र्यासारखा. चिरका आवाज ऐकणाऱ्यांना तो उमेदवार नोकरीसाठी कमी लायक वाटला. अशाच इतर प्रयोगांत बोलणाऱ्याची हुशारी आणि विश्वासार्हताही कमी जोखली गेली. यात सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शब्द दोन्ही गटांना नीट कळत होते. तरीही मत बदललं.

कॅम्पस प्लेसमेंटच्या तयारीत गुंतलेल्या घरांनी हे आधी वाचायला हवं. करोनाच्या साथीत मुलाखती पडद्यावर गेल्या आणि अनेक कंपन्यांच्या पहिल्या फेऱ्या तिथेच राहिल्या. पालक मात्र अजून दोनच गोष्टींची काळजी करतात: मुलाचं इंग्रजी आणि नवा लॅपटॉप. खरा फरक त्याआधीच पडलेला असतो.

लॅपटॉपचा माइक तोंडापासून हातभर लांब असतो. त्यामुळे तो आवाजासोबत खोलीही टिपतो. फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. गाद्या, पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेल्या छोट्या खोलीत तो शोषला जातो. डोक्यावरचा पंखा बंद किंवा कमी ठेवावा, दार-खिडक्या लावाव्यात. आणखी एक गोष्ट फार कमी मुलांना ठाऊक असते: बहुतेक ब्लूटूथ इअरफोनचा माइक सुरू झाला, की आवाजाचा दर्जा खाली येतो. गाणी सुंदर ऐकवणारी महागडी जोडीही मुलाखतीत आवाज दबका करू शकते. वायरवाला साधा इअरफोन इथे बरेचदा सरस ठरतो. खात्री करायची तर आदल्या दिवशी मित्राला कॉल लावून दोन्ही इअरफोनमधले आवाज रेकॉर्ड करून ऐकावेत.

आवाजानंतर येतो वेळ. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की कॉलवर आवाज पोहोचायला सुमारे १.२ सेकंद उशीर झाला, तरी समोरचा माणूस कमी आपुलकीचा आणि कमी एकाग्र वाटू लागतो. दोष नेटवर्कचा असतो, ठपका माणसाच्या स्वभावावर बसतो. म्हणून प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर सुरू करावं आणि उत्तर लहान ठेवावं. समोरासमोर बसल्यावर मुलाखतकाराच्या नजरेतून कळतं, की त्याला मध्ये काही विचारायचंय. पडद्यावर ते कळत नाही, आणि सलग पाच मिनिटं बोलणारा मुलगा ती संधीच देत नाही. दोन-तीन वाक्यांत मुद्दा सांगून ‘याबद्दल आणखी सांगू का?’ असं विचारणं हा साधा आणि सभ्य मार्ग आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याचा दुहेरी फायदा होतो, कारण लहान वाक्यांत इंग्रजीची ओढाताण होत नाही. प्रश्न ऐकू आला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नये, तो पुन्हा विचारायला सांगावा. यात कमीपणा काहीच नाही.

घरात एकच फोन किंवा लॅपटॉप चौघांत वापरला जात असेल, तर फेब्रुवारी २०२१ मधली टेक्सासची एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यायालयाच्या झूम सुनावणीत एका वकिलाच्या चेहऱ्याजागी मांजराचं पिल्लू दिसू लागलं. ते सहायकाच्या संगणकावरून बोलत होते आणि त्यावर फिल्टर आधीपासून सुरू होता. तो काढायचा कसा, हे दोघांनाही चटकन सुचेना. आपण मांजर नाही हे त्यांना न्यायाधीशांना सांगावं लागलं. आपल्याकडेही धाकट्या भावाचं टोपणनाव खात्यावर तसंच राहतं, किंवा बोलता बोलता आत्याचा फोन येतो आणि माइक बंद पडतो. आदल्या दिवशी खात्याचं नाव, पार्श्वभूमी आणि फिल्टर तपासावेत. फोनवरून मुलाखत असेल तर येणारे कॉल थांबवून ठेवावेत.

कपड्यांबाबत पालकांचा आग्रह योग्यच आहे. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत एक वकील टी-शर्टमध्ये पलंगावर पहुडलेले दिसले आणि त्यांना माफी मागावी लागली.

डोळ्यांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, की समोरच्याला नजर खाली झुकलेली दिसते. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येईल अशी चार पुस्तकं लॅपटॉपखाली ठेवावीत आणि बोलताना अधूनमधून कॅमेऱ्याकडे पाहावं. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये झूमच्या थकव्याची चार कारणं मांडली. सतत स्वतःचाच चेहरा दिसत राहणं हे त्यांतलं एक. स्वतःची चौकट लपवण्याची सोय झूममध्ये आहे, ती वापरावी. केस नीट आहेत का, ही तपासणी सुरुवातीलाच आटोपते.

काही कंपन्या समोर कोणी नसलेली मुलाखतही घेतात: प्रश्न पडद्यावर येतो आणि ठरलेल्या वेळात उत्तर रेकॉर्ड करायचं असतं. चेहऱ्यावरचे भाव संगणक मोजतो, अशी भीती मुलांमध्ये असते. या क्षेत्रातल्या हायरव्ह्यू या मोठ्या कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण थांबवल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. तेव्हा हसू ताणून धरण्यापेक्षा फोनचा कॅमेरा लावून दोन मिनिटांत उत्तर पुरं करण्याचा सराव उपयोगी.

आता पालकांविषयी. मुलाखतीच्या वेळी आईवडील दाराआड उभे राहून उत्तर सुचवतात, असं घडतं. त्यामागची माया खरी असते, पण मुलाची नजर पुन्हा पुन्हा एका बाजूला वळली, की मुलाखतकाराला लगेच दिसतं आणि संशय तिथून सुरू होतो. हा संशय आता वाढलेला आहे, कारण उत्तरं पुरवणारी एआयची साधनं सर्रास मिळतात. किमान एक फेरी प्रत्यक्ष भेटीची ठेवत असल्याचं गुगलचे सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितलं. पडद्यावर उसनी उत्तरं देऊन पुढे गेलेला उमेदवार तिथे अडकतो. पालकांचं काम वेगळं आणि जास्त मोलाचं आहे: त्या तासात कुकर लावायचा नाही, बेल वाजण्याआधी दारात थांबायचं, वीज गेली तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवायचा.

ज्यांच्या घरी खोली किंवा रेंजच नाही, त्यांच्यासाठी हा सल्ला अपुरा आहे, हेही स्पष्ट बोलायला हवं. २०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीला ऑनलाइन वर्गांसाठी डोंगरावर रेंज शोधावी लागली आणि भावांनी तिथे झोपडी उभारून दिली. अशा मुलांनी मुलाखतीची तारीख कळताच कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे खोली आणि इंटरनेट मागावं, तेही लेखी. ईमेलच्या विषयात नाव, शाखा, तारीख आणि वेळ असावी. खाली दोन ओळींत गरज सांगावी. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी विभागप्रमुखांना भेटावं आणि सोबत त्या ईमेलची प्रत न्यावी.