वर ऊन, तरी एवढी थंडी?

प्रश्न : बेंगळुरूहून पुण्याला जाताना वैमानिकाने सांगितलं, की आपण 36 हजार फुटांवर आहोत आणि बाहेर उणे 41 अंश तापमान आहे. खिडकीतून तर लख्ख ऊन येत होतं. शिवाय गरम हवा वर जाते असं शाळेत शिकलो. मग वर गरम नको का? आणि अशा थंडीत इंधन गोठत कसं नाही?
– एक वाचक, जयनगर, बेंगळुरू

उत्तर : आकडा बरोबर आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर. त्यात तुम्ही 11 किलोमीटर वर गेलात, त्याने काहीच फरक पडत नाही. ऊन हवेतून बरंचसं आरपार जातं. तापते ती जमीन, आणि जमिनीमुळे तिच्या लगतची हवा. हवा खालून तापते, ही गोष्ट लक्षात घेतली की निम्मं कोडं सुटतं.

गरम हवा वर जाते हेही खरंच. पण वर दाब कमी, त्यामुळे ती पसरते आणि पसरताना स्वतःचीच उष्णता खर्च करते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून पाहा, बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते. हवेतल्या वाफेचं पाणी होताना थोडी उष्णता परत मिळते, म्हणून प्रत्यक्षात सरासरी घट साडेसहा अंशांची.

याचा पुरावा तुम्ही रोज अनुभवता. चेन्नई आणि बेंगळुरू जवळपास एकाच अक्षांशावर. चेन्नई समुद्रकाठी, तर बेंगळुरू सुमारे 920 मीटर उंचीवर. बेंगळुरूच्या गारव्याचं श्रेय लोक झाडांना आणि तळ्यांना देतात. जयनगरच्या रस्त्यांवर झाडांची सावली सुखाची असते यात शंका नाही, पण पाच-सहा अंशांचा मोठा फरक पाडते ती उंची.

आता मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट. विमानशास्त्राच्या प्रमाण कोष्टकात 11 किलोमीटरवर उणे 56.5 अंश दिलेले असतात, तुम्हाला मात्र उणे 41 ऐकू आलं. कारण आपल्याकडे मुळात जमिनीलगतची हवाच जास्त उबदार. पण युरोपवर ही घट साधारण 11 किलोमीटरला थांबते, ध्रुवांकडे 8-9 किलोमीटरलाच; आपल्या डोक्यावर ती 16-17 किलोमीटरपर्यंत चालूच राहते आणि पारा उणे 80च्या आसपास उतरतो. उष्ण प्रदेशावरची हवा इतकी गार!

राहिलं इंधन. आपल्याकडच्या विमान-इंधनाचा गोठणबिंदू उणे 47 अंश किंवा त्याहून खाली असावा लागतो. त्यात ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानापुढे हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा तापते. त्यामुळे बाहेर उणे 41 असलं तरी पंखांच्या पत्र्याला जाणवतात ते उणे 15च्या जवळपास. पुण्याच्या छोट्या प्रवासात इंधन गोठण्याइतकं थंड होत नाही. खरी काळजी लांबच्या उड्डाणांत. जानेवारी 2021मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आलं. अशा मार्गांवर वैमानिक इंधनाच्या तापमानावर नजर ठेवून असतात; ते फार उतरू लागलं, तर वेग वाढवतात किंवा विमान खालच्या, कमी थंड हवेत आणतात.